नोकरीच्या नांवाखालीं परक्या पैशाची हमाली

शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलास नोकरी मिळावी ही इच्छा वाईट नव्हे. जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान होत चालले आहेत, पावसाचा भरंवसा नाहीं, आणि नुसत्या कापसाच्या व मक्याच्या भावावर सर्व कुटुंबाचा निर्वाह चालेल अशी स्थिति थोड्याच घरांत उरली आहे. दौलताबादेहून वाळूजचे कारखाने दूर नाहींत. शेंद्र्याचेही फार दूर नाहींत. तेव्हां मुलानें चार पैसे बाहेरून आणावे असें बापास वाटणें साहजिक आहे. परंतु या स्वाभाविक इच्छेचाच फायदा घेऊन जी एक नवी लबाडी चालू झाली आहे, तिजकडे या मासिकाच्या वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. इतर लबाड्या आपल्याजवळचे पैसे नेतात; ही लबाडी प्रथम पैसे देते, आणि म्हणूनच ती ओळखण्यास अधिक कठिण आहे.

तिचें स्वरूप असें. मुलाच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम यांवरून निरोप येतो कीं, घरबसल्या काम आहे, अनुभवाची अट नाहीं, वेतन रोजच्या रोज. कामाचें नांव भारदस्त असतें. कोणी हिशेबनीस म्हणतो, कोणी वसुली प्रतिनिधि, कोणी पेमेंट एजंट. काम मात्र एवढेंच असतें कीं, गिऱ्हाइकांच्या म्हणून सांगितलेल्या रकमा मुलाच्या खात्यांत जमा व्हावयाच्या, त्यानें त्यांतून शेंकडा ठरलेलें कमिशन कापून घ्यावयाचें, आणि उरलेली रक्कम सांगितलेल्या दुसऱ्या खात्यावर तत्काळ पाठवावयाची किंवा एटीएममधून काढून कोणाच्या तरी हातीं द्यावयाची. दुसरा प्रकार याहून सोपा आहे. त्यांत मुलानें कांहींच करावयाचें नसतें. केवळ आपलें पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्यास जोडलेलें सिमकार्ड ‘कंपनीच्या’ माणसाच्या स्वाधीन करावयाचें आणि महिन्याचें भाडें घ्यावयाचें. तिसऱ्या प्रकारांत मुलाच्या नांवानें एखाद्या नसलेल्या दुकानाची नोंदणी करून बँकेंत चालू खातें उघडवितात. कारण चालू खात्यांत मोठ्या रकमा फिरल्या तरी त्या लौकर कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत. पोलिस आणि बँका अशा खात्यास ‘म्यूल खातें’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझें कोणाचें, कोठून आलें, कोठें चाललें, हें खेचरास ठाऊक नसतें. पण नाक्यावर अडविलें जातें तें खेचरच.

हें ओझें कशाचें असतें, तें प्रथम समजून घेतलें पाहिजे. तें बहुधा फसविलेल्या माणसांचें धन असतें. कोठें निवृत्त शिक्षकास पोलिसाचा वेष केलेला इसम मोबाइलच्या पडद्यावर दिसतो, तुमच्यावर अटकेचें वॉरंट आहे असें सांगतो, आणि भेदरलेल्या त्या गृहस्थाकडून जन्माची शिल्लक काढून घेतो. कोठें विधवेस शेअरबाजाराच्या खोट्या नफ्याची लालूच दाखवितात. ही रक्कम चोराच्या स्वतःच्या खात्यांत कधींच जात नाहीं. ती प्रथम एका म्यूल खात्यांत पडते. तेथून कांहीं मिनिटांच्या आंत आठ-दहा खात्यांत वांटली जाते. त्यांतून आणखी पुढच्या खात्यांत जाते. आणि शेवटीं रोकड होऊन अथवा आभासी चलनांत बदलून देशाबाहेर निघून जाते. पोलिसांचा तपास लागतो तो या सांखळीच्या ज्या कड्यांवर खरें नांव, खरा पत्ता व खरें आधार कार्ड आहे त्यांच्यापर्यंत. हीं खरीं नांवें आपल्या मुलांचीं असतात. ज्यानें नोकरी दिली त्याचें नांव खोटें, पत्ता खोटा आणि मोबाइलही दुसऱ्याच कोणा गरिबाच्या नांवाचा.

ही गोष्ट दूरदेशींची आहे असें कोणी समजूं नये. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचें उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. सन १९०६ मध्यें स्थापन झालेल्या या जुन्या बँकेच्या संगणक-व्यवस्थेंत घुसून चोरांनीं ११ ऑगस्ट २०१८ रोजीं तिच्या खातेदारांच्या कार्डांच्या नकला चालविल्या. थोड्याच तासांच्या अवधींत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारें १२,००० व्यवहारांनीं ७८ कोटि रुपये काढले गेले, आणि आपल्या देशांतून सुमारें अडीच कोटि. पुढें १३ ऑगस्ट रोजीं आणखी १३ कोटि ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर रवाना झाले. एकंदर हानि ९४ कोटि ४२ लाखांची. ज्यांनीं ही योजना आंखली ते परदेशांत बसले होते. त्यांचा संबंध उत्तर कोरियाशीं असल्याचें अमेरिकेच्या न्यायखात्यानें पुढें २०२१ मध्यें आपल्या आरोपपत्रांत म्हटलें. पण कोल्हापुरांत, मुंबईंत व इंदुरांत यंत्रासमोर उभे राहून नोटा मोजून घेणारे हात येथलेच होते. पकडल्या गेलेल्यांत आमच्या औरंगाबादचे, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरचे, इसमही होते. पुण्याच्या न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें ११ जणांस दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली.

या प्रकरणांतील एक तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. बी.बी.सी.नें दिलेल्या वृत्तान्तानुसार महाराष्ट्रांतील कांहीं माणसांस असें सांगण्यांत आलें होतें कीं, तुम्हांस एका चित्रपटांत किरकोळ भूमिका दिली आहे. एटीएमजवळ जावयाचें आणि पैसे काढावयाचे, एवढेंच काम. एक दिवसाची मजुरी, आणि वर चित्रपटांत चेहरा दिसण्याचा मान! यंत्रावरील कॅमेऱ्यानें चेहरा टिपला हें खरें. पण तो पोलिसांच्या कामीं आला. जगांतील एका मोठ्या चोरीचा शेवटचा भार अशा प्रकारें रोजंदारीच्या माणसांच्या खांद्यावर आला.

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. म्हणून या प्रश्नाकडे आम्ही त्याच सवयीनें पाहतों. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचें नांव कब्जेदार म्हणून लागलें आहे, आकारणीची नोटीस त्याच्याच नांवें निघते. जमीन प्रत्यक्ष कोण कसतो, पीक कोण नेतो, हा वाद मागाहूनचा. पहिली हांक नांवाच्या माणसास. हें प्रत्येक खातेदार जाणतो, आणि म्हणूनच कोणी शहाणा मनुष्य परक्याच्या जमिनीस आपलें नांव लावूं देत नाहीं व आपल्या जमिनीस परक्याचें नांव लागूं देत नाहीं. फेरफाराची नोटीस आली तर तो शेतांतील काम सोडून तलाठ्याकडे धांवतो. बँकेचें खातें हाही एक प्रकारचा सातबाराच आहे. तेथें ज्याचें नांव त्याचा जबाब. मग जो बाप बांधाच्या दीड हातासाठीं दहा वर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवितो, त्याच्याच घरांतील मुलानें आपलें नांवाचें खातें महिन्याच्या भाड्यानें अनोळखी माणसास द्यावें, यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

आपल्या वाडवडिलांस या बाबतींत आपल्यापेक्षां अधिक ज्ञान होतें असें म्हणावें लागतें. पूर्वींच्या पेठांत शाहजोग हुंडी चालत असे. तिचे पैसे ज्याची पेठेंत पत आहे अशा शाहासच द्यावयाचे, आणि घेणारा खरोखर तसा आहे कीं नाहीं याची चौकशी देणाऱ्यानें करावयाची, असा तिचा रिवाज होता. रक्कम कितीही लांबून येवो, ती ओळखीच्या माणसाच्या हातून ओळखीच्या माणसाच्या हातीं जावी, हें त्याचें मर्म. आज मोबाइलवर बोट टेंकल्याबरोबर रक्कम क्षणांत कन्याकुमारीस पोंचते. त्या सोयीबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु वेग वाढला म्हणून चौकशीची गरज कमी झाली नाहीं. उलट ती वाढली आहे.

आणि दौलताबादच्या मनुष्यानें तर हें विसरूं नये. मुहम्मद तुघलकानें १३२७ च्या सुमारास आपली राजधानी येथें आणली. पुढें दोन-तीन वर्षांनीं त्यानें तांब्या-पितळेचीं नाणीं काढून तीं रुप्याच्या टंक्याच्या भावानें चालवावीं असा हुकूम केला. परिणाम असा झाला कीं, घरोघर जणूं टांकसाळी निघाल्या, असें त्या काळचा इतिहासकार बरनी यानें वर्णिलें आहे. अखेर सुलतानास तीं नाणीं परत घेऊन त्यांच्या बदलीं खजिन्यांतून सोनें-रुपें मोजावें लागलें. त्या वेळीं घरोघरच्या लबाडीचा तोटा सरकारी खजिन्यानें सोसला. आज मात्र तसें होत नाहीं. आज घरोघरचें खातें लबाडांच्या टांकसाळीसारखें वापरलें जातें, आणि हिशेब द्यावयाची वेळ येते तेव्हां तो त्या घरासच द्यावा लागतो.

तो हिशेब कसा द्यावा लागतो, तें शेतकऱ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. फसलेल्या माणसानें तक्रार केली कीं पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तें खातें गोठविते. तक्रार तेलंगणांत झालेली असेल, गुजरातेंत असेल. खातें आपल्या गांवच्या शाखेंतलें असलें तरी तें मोकळें करून घेण्यासाठीं पत्रव्यवहार तिकडच्या ठाण्याशीं करावा लागतो. मुलानें जर बापाचें अथवा सामाईक खातें वापरलें असेल, तर त्यांत येणारे किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये, राज्याच्या नमो शेतकरी निधीचे तितकेच रुपये, पीकविम्याची भरपाई, कापसाची पट्टी, दुधाचा हप्ता, हें सर्व एका दिवसांत अडकून पडतें. ऐन पेरणीच्या तोंडीं बीं-खतास पैसा नाहीं, आणि सोसायटीचा हप्ता थकला म्हणून पुढील कर्ज नाहीं. दोन हजारांच्या कमिशनापायीं एक हंगाम जातो. याशिवाय फौजदारी बाजू आहेच. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमांत फसवणुकीनें मिळविलेला माल हाही चोरीचाच माल धरला आहे; आणि तो चोरीचा आहे हें ठाऊक असून, किंवा तसें मानण्यास कारण असून, जो अप्रामाणिकपणें घेतो अथवा ठेवतो त्यास तीन वर्षेंपर्यंत कैद सांगितली आहे. रक्कम मोठी असून २००२ च्या मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याखालीं गुन्हा शाबीत झाला, तर शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आहे.

येथें कित्येक सज्जन म्हणतील कीं, मुलास बिचाऱ्यास कांहीं ठाऊक नव्हतें. त्याचा काय अपराध? या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अर्धें आहे. पहिल्या दिवशीं मुलास ठाऊक नसेल हें आम्ही मान्य करतों. परंतु कायद्याचे वर सांगितलेले शब्द पुन्हां वाचावे: ‘मानण्यास कारण असून’. ज्या कामास घाम नाहीं, कौशल्य नाहीं, कचेरी नाहीं, वरिष्ठाचा चेहरा नाहीं, आणि तरीही ज्याची मजुरी दिवसभर कापूस वेंचणाऱ्या बाईच्या मजुरीच्या कित्येक पट आहे, तें काम पाहून मनांत संशय न येणें हें अज्ञान नव्हे. तें डोळे मिटून घेणें होय. शेतकऱ्याचा मुलगा श्रमाची किंमत जन्मापासून जाणतो. बिनश्रमाचें वेतन कोठून येतें हा प्रश्न त्यास सुचला नाहीं असें तो सांगेल, तर न्यायाधीशाच्या आधीं त्याच्या आईचाच त्यावर विश्वास बसणार नाहीं.

तथापि दोषाची वांटणी न्यायानें व्हावी असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें आम्ही येथें नमूद करूं इच्छितों. मध्यवर्ती गुन्हे अन्वेषण खात्यानें जून २०२५ मध्यें जाहीर केलें कीं, देशांतील ७०० हून अधिक बँक शाखांत मिळून साडेआठ लाखांवर म्यूल खातीं उघडलीं गेलीं होतीं. हा आंकडा वाचून कोणासही विचारावेंसें वाटेल कीं, शेतकऱ्यास पीककर्ज देतांना दहा कागद तपासणाऱ्या बँकांस इतकीं खातीं उघडतांना कांहींच दिसलें नाहीं काय? ज्या खात्यांत वर्षभर हजार-दोन हजारांची उलाढाल होती, त्यांत एका दुपारीं लाखों रुपये येऊन संध्याकाळच्या आंत निघून जातात, तेव्हां खातेदारास शाखेंत बोलावून एक प्रश्न विचारणें हें बँकेचें कर्तव्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम संस्थेनें अशीं खातीं हुडकून काढण्यासाठीं ‘म्यूलहंटर’ नांवाची संगणक-योजना तयार केली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यंत्राच्या आधीं शाखेंतील माणसानें डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

दुसरी गोष्ट खातें गोठविण्याची. तपासासाठीं संशयित रक्कम अडकवून ठेवणें योग्यच आहे. पण वीस हजारांच्या संशयासाठीं घराची सगळी जमा बांधून ठेवणें हें पाटाचें पाणी चोरल्याच्या संशयावरून सबंध विहिरीस कुलूप घालण्यासारखें आहे. केरळच्या उच्च न्यायालयानें २०२३ मध्यें असें ठरविलें कीं, पोलिसांच्या पत्रांत जी रक्कम नमूद असेल तेवढ्यापुरतेंच खातें अडवावें. हीच रीत सर्वत्र पाळली जावी. खातेदारास मराठींत कारणासह लेखी सूचना मिळावी. आणि चौकशीस मुदत असावी. तसेंच नोकरी लावणाऱ्या दलालास आणि नोकरीस लागलेल्या मुलास एकाच मापानें मोजूं नये. जो गांवांत फिरून दहा मुलांचीं खातीं गोळा करतो व प्रत्येकामागें पैसा घेतो, त्यास कडक शिक्षा व्हावी. जो संशय येतांच स्वतः होऊन पोलिसांकडे गेला, त्यास साक्षीदार समजावें. असें न केल्यास भीतीनें कोणीच पुढें येणार नाहीं, आणि सांखळीची वरची कडी कधींच हातीं लागणार नाहीं.

सरकारनें व बँकांनीं काय करावें हें सांगून आपली जबाबदारी संपत नाहीं. मुलास नोकरीचें बोलावणें आलें तर बापानें एकच प्रश्न विचारावा: या कंपनीस स्वतःचें खातें नाहीं काय? साखर कारखाना उसाचे पैसे स्वतःच्या खात्यांतून देतो, बाजार समितींतील आडत्या पट्टी स्वतःच्या खात्यांतून चुकती करतो. ज्याच्या मळ्यांत स्वतःची विहीर आहे तो पाणी सांठवावयास शेजाऱ्याचा रांजण मागत नाहीं. जो मागतो त्याच्या पाण्यांतच कांहीं खोट आहे असें समजावें. खऱ्या कंपनीची नोंदणी केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर पाहतां येते. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्याचें नांव सांगितलें असेल तर तेथें काम करणारा गांवचा एखादा मुलगा असतोच, त्यास फाटकावर जाऊन विचारण्यास सांगावें. नेमणुकीचें पत्र दोन जाणत्या माणसांस दाखविल्याशिवाय होकार देऊं नये. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड, ओटीपी आणि सही केलेला कोरा चेक या पांच वस्तु जो मागेल त्यास नोकरी देणारा न समजतां घरांत शिरूं पाहणारा समजावें.

आणि रक्कम आधींच खात्यांत येऊन चुकली असेल तर? प्रथम, ती खर्चूं नये. दुसरें, ‘चुकून आली, या नंबरावर परत पाठवा’ असें कोणी सांगितलें तरी आपण होऊन पाठवूं नये. कारण तोही ओझें पुढें नेण्याचाच एक प्रकार असूं शकतो. बँकेच्या शाखेंत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोंच घ्यावी. सायबर पोलिस ठाण्यांत सांगावें, अथवा राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० वर कळवावें. ज्यांची फसवणूक होऊन पैसे गेले असतील त्यांनीं तर याच क्रमांकावर क्षणाचाही विलंब न करतां कळवावें, कारण रक्कम पहिल्या-दुसऱ्या खात्यांत असेपर्यंतच ती अडविणें शक्य असतें. आलेले निरोप पुसून टाकूं नयेत. तोच मुलाच्या बाजूचा पुरावा असतो. कोर्ट-कचेरींत ज्याच्याजवळ कागद असतो त्याचें म्हणणें ऐकिलें जातें, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

या सर्वांत मोठा अडथळा लाजेचा आहे. मुलगा बापास सांगत नाहीं, बाप शेजाऱ्यास सांगत नाहीं, आणि त्याच आठवड्यांत तोच दलाल शेजारच्या वस्तीवर दुसरीं चार खातीं घेऊन जातो. बोंडअळी एका शेतांत दिसली म्हणजे आपण साऱ्या शिवारास सांगतों. त्यांत ज्याच्या शेतांत ती निघाली त्याची अप्रतिष्ठा झाली असें कोणी मानीत नाहीं. हीच समज या नव्या किडीविषयींही ठेवली पाहिजे. आमची सूचना अशी आहे कीं, संस्थेच्या प्रत्येक मासिक सभेंत पांच मिनिटें या विषयास द्यावीं, १९३० हा क्रमांक सोसायटीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावा, आणि सभासदांनीं आपल्या घरांतील तरुण मुलांचीं व स्त्रियांचीं खातीं कोणाच्या हातांत आहेत याची एकवार विचारपूस करावी. ती या महिन्यांतच करावी. सुगीचा पैसा घरांत येण्याच्या आधीं करावी.